आग थांबली म्हणजे पाय बरा झाला असे नव्हे



लागण, खोडवा, उतारा आणि उचल यांवर आपल्या पत्रिकेत दर अंकी मजकूर असतो, आणि तो असायलाच हवा. या खेपेस मात्र थोडी जागा ऊस पिकवणाऱ्याच्या पायांसाठी मागून घेतली आहे. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या सभासदांत मधुमेह, म्हणजे आपण ज्याला सरळ ‘शुगर’ म्हणतो तो आजार, आता घरोघरचा झाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत देशातील मधुमेही १० कोटी १० लाख आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख, असा अंदाज दिला आहे. साखर डोळ्यांवर जाते, मूत्रपिंडावर जाते, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. ती पायाच्या नसांवरही जाते, हे ऐकले तरी मनावर घेतले जात नाही. कारण या दुखण्याची चालच उलटी आहे. आधी त्रास वाढतो आणि पुढे दुखणे बळावले की त्रास कमी होतो.

दवाखान्यात हे बोलणे नेहमी कानावर येते. ‘‘दोन वर्षं तळपायाची नुसती आग व्हायची बघा. रात्री गोधडीबाहेर पाय काढून झोपायचो. आता काहीच होत नाही. गुण आला.’’ सांगणारा खुशीत असतो. त्याच तळपायाला टाचणी लावली तर त्याला कळत नाही. आग होत होती तोवर नस आजारी होती, पण जिवंत होती, तक्रार करीत होती. आता तिने तक्रार करणेच सोडले आहे. मधुमेहाच्या रुग्णाचा पाय शेवटी कापावा लागतो तो बहुधा या दुसऱ्या अवस्थेतून, दुखणाऱ्या पायातून नव्हे.

आता ‘नस’ म्हणजे काय, ते आधी स्पष्ट करू. आपल्या बोलण्यात रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतात आणि ज्यातून संवेदना जातात त्या मज्जातंतूलाही नसच म्हणतात. येथे आपण मज्जातंतूबद्दल बोलत आहोत. मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांपासून निघून हातापायांत, कातडीत, पोटात पसरलेले हे धागे आहेत. काही धागे बातमी वर नेतात: काटा टोचला, पाणी गरम आहे, पायाखाली दगड आहे. काही धागे हुकूम खाली आणतात: पाय उचल, बोट वळव. तिसरे आपल्याला न विचारता काम करतात. घाम, नाडी, आतडी, लघवी यांचा कारभार त्यांच्याकडे असतो.

पायाच्या अंगठ्याला जाणारा धागा कमरेजवळच्या कण्यापासून निघतो आणि सलग अंगठ्यापर्यंत जातो. उंच माणसात त्याची लांबी सुमारे एक मीटर भरते. गंमत अशी की एवढ्या लांब धाग्याची पेशी मात्र वर, कण्याशेजारी असते. अंगठ्याकडच्या टोकाला लागणारा बहुतेक सगळा माल तिथेच तयार होतो आणि धाग्याच्या आतून खाली पोहोचवला जातो. काही माल दोन-तीन दिवसांत उतरतो, काही मात्र दिवसाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकतो. म्हणजे आज वर निघालेली खेप अंगठ्याशी पोहोचायला दोन-तीन वर्षेसुद्धा लागू शकतात.

पालखेडच्या डाव्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना यापुढचे समजावून सांगायची गरज नाही. आवर्तन कमी पडले की हेडच्या शेतकऱ्याला लगेच जाणवत नाही; पहिल्याने टेलचा, येवल्याकडचा शेतकरी कोरडा राहतो. नसांचेही तेच. ज्या कारणाने सबंध शरीरातल्या नसांचे पोषण बिघडते, त्या कारणाने सर्वांत लांब नस सर्वांत आधी वाळते, आणि तीही टोकाकडून. म्हणून बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो, पायमोजा चढवावा तसा वर सरकतो, आणि गुडघ्याच्या आसपास पोहोचेपर्यंत हाताच्या बोटांची टोकेही बधिर होऊ लागतात. एकाच पायात कमरेपासून कळ येत असेल तर ते बहुधा मणक्याचे दुखणे. दोन्ही पायांत, बोटांकडून वर येत असेल तर साखर तपासा.

साखर नसेचे नेमके करते काय? निरोगी माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते आणि उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते चहाचा एक चमचाभर, चार-पाच ग्रॅम. उपाशीपोटी १०० मिलिलिटरला १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक भरली, आणि दुसऱ्या तपासणीतही तसेच आले, की मधुमेह ठरतो. २०० झाली म्हणजे सबंध अंगात दोन चमचे. एका चमच्याचाच फरक, पण तो रात्रंदिवस, वर्षानुवर्षे. स्नायूला साखर आत घेण्यासाठी इन्सुलिन लागते, नसेला लागत नाही. त्यामुळे रक्तातली साखर वाढली की ती नसेत आपोआप शिरते. तिथे तिचे सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात रूपांतर होते, ते साठते आणि पेशीचा कारभार बिघडवते. दुसरीकडे साखर प्रथिनांना चिकटून त्यांना निकामी करते. तिसरे म्हणजे नसेला रक्त पुरवणाऱ्या केसासारख्या वाहिन्या जाड होतात आणि नसेचा दाणापाणी तुटतो. विजेच्या तारेवर असते तसे नसेवरही एक आवरण असते. ते झिजले की संदेशाचा वेग कमी होतो. धड पायात हा वेग सेकंदाला ४५ ते ५० मीटर असतो.

साखर कारखान्याच्याच पत्रिकेत साखरेविरुद्ध लिहिता काय, असे कोणी म्हणेल. तसे नाही. साखर खाल्ली म्हणून सरळ मधुमेह होत नाही. वाढते पोट, बसते काम आणि घराण्यातली ठेवण यांचा वाटा मोठा आहे. पण एकदा तो झाला की हिशोब ठेवावाच लागतो. ‘‘साखर बंद केली, आता गूळच खातो,’’ हे ऐकून तर हसावे की रडावे कळत नाही. गूळ कशाचा होतो, हे ऊस पिकवणाऱ्याला डॉक्टरने सांगायचे काय? एक ग्लास उसाच्या रसात सुमारे तीस ग्रॅम साखर असते. लिंबू पिळले तरी ती तिथेच राहते.

आणखी एक गैरसमज: ‘‘लघवीला मुंग्या लागत नाहीत, म्हणजे शुगर नाही.’’ कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसासाठी फेहलिंगचे निळे द्रावण वापरतात. त्याच्याच भाऊबंदांतले बेनेडिक्टचे द्रावण पूर्वी दवाखान्यात लघवीबरोबर उकळत, आणि ते विटकरी झाले की साखर फार, असे समजत. पण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरतच नाही. तोवर नसांचे नुकसान सुरू झालेले असते. काहींच्या बाबतीत तर मधुमेहाचे निदान होते त्याच दिवशी पायाची संवेदना कमी झालेली आढळते. म्हणून तपासणी रक्ताचीच करावी.

आता वयाबद्दल. वय झाले की नसा थोड्या झिजतात, यात खोटे काही नाही. संदेशाचा वेग दर दहा वर्षांना सेकंदाला साधारण एक मीटरने उतरतो. साठीनंतर घोट्याला कंपन कमी जाणवते. डॉक्टर टाचेच्या वर हातोडी मारतात तेव्हा पाऊल उडत नाही. इतके वयाचे म्हणून सोडून देता येते. पण नुसत्या वयाने तळपायाची रात्रभर आग होत नाही, नुसत्या वयाने चप्पल पायातून निघून गेल्याचे कळेनासे होत नाही, आणि नुसत्या वयाने तळव्याला भोक पडत नाही. ‘‘आता वय झालं, चालायचंच,’’ हे वाक्य घरातला म्हातारा स्वतः म्हणतो, मुलगा-सून म्हणतात, कधी कधी घाईतला डॉक्टरही म्हणतो. त्या एका वाक्याने चार-पाच वर्षे फुकट जातात. खरे तर वय आणि साखर एकमेकांना हात देतात. आधीच झिजलेल्या नसेवर साखरेचा घाव लवकर बसतो, आणि उतारवयात नजर अधू झालेली असल्याने पायाला काय झाले ते दिसतही नाही.

उतारवयाचे तिसरे एक कारण आपल्याकडे फार आहे आणि त्याकडे लक्ष कमी आहे. ते म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. नसेवरचे आवरण शाबूत ठेवायला हे लागते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे शहर, तिथल्या झोपडपट्ट्या आणि भोवतालची खेडी येथील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शेकडा ६७ जणांत ब-१२ कमी आढळले. हे जीवनसत्त्व भाजीत नाही, डाळीत नाही, शेंगदाण्यात नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असते. दिवसाला लागते अवघे अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास. माळकरी घरात त्याचा भरवसा दुधावर, आणि आपल्या घरांत दुधाचे काय होते ते सर्वांना ठाऊक आहे: सकाळ-संध्याकाळ किटली डेअरीला, घरात चहापुरते. गोठ्यात दोन गाई आणि मालकाच्या अंगात ब-१२ नाही, अशी अवस्था. त्यात म्हातारपणी जठरातले आम्ल कमी होऊन हे जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. आम्लपित्ताची गोळी रोज चालू असेल तर आणखी कमी. आणि मधुमेहाची सर्वांत जास्त दिली जाणारी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेतल्यानेही ते उतरते. गोळी चांगली आहे, ती मनाने बंद करू नये. पण चार-पाच वर्षे ती चालू असेल तर ब-१२ ची तपासणी करून घ्या. ते कमी असेल तर लाल इंजेक्शन किंवा गोळी खरोखर उपयोगाची. कमी नसेल तर ‘ताकदीचे’ म्हणून घेतलेल्या लाल इंजेक्शनात रंगापलीकडे फारसे काही मिळत नाही. दारू, थायरॉइडचा आजार, क्षयाच्या काही गोळ्या यांनीही नसा बिघडतात. काही फवारणी औषधांची जबर विषबाधा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पायातली ताकद जाते. डॉक्टरांना हे सारे सांगावे, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

बधिर पायाचे पुढे काय होते, हे जगाला मधुमेहाने शिकवले नाही, कुष्ठरोगाने शिकवले, आणि ते आपल्याच देशात. तामिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ सालापासून डॉ. पॉल ब्रँड काम करीत होते. कुष्ठरोग्याची बोटे रोगाने सडून गळतात, असाच तेव्हा सर्वांचा समज होता. ब्रँड यांच्या ध्यानात आले की मांस सडत नाही. रोग नसा मारतो, आणि मग दुखत नाही म्हणून माणूस स्वतःच आपले हातपाय भाजून, कापून, घासून घेतो. काहींची बोटे रात्रीत नाहीशी होत. पाळत ठेवल्यावर कळले की झोपेत उंदीर कुरतडत होते आणि रुग्णाला जाग येत नव्हती. मग रुग्णांबरोबर मांजर देण्याची पद्धत पडली. वरोऱ्याचे आनंदवन, अमरावतीचे तपोवन अशा संस्थांमुळे महाराष्ट्राला कुष्ठरोगाची ओळख आहे. मधुमेहाने बधिर झालेला पाय या बाबतीत कुष्ठरोग्याच्या पायाचा सख्खा भाऊ आहे. ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत गेल्यावर हेच ज्ञान मधुमेह्यांच्या पायांना लावले. उंदरांची गोष्ट जुनी म्हणून सोडू नका. उसाच्या रानात, मळ्यातल्या घरात उंदीर किती असतात ते आपण पाहतोच. पाय बधिर असेल तर मच्छरदाणी चारही बाजूंनी खोचून झोपावे.

ऊस उत्पादकाच्या पायाला धोके पावलोपावली आहेत. तोडणी झाल्यावर छाटलेले बुडखे भाल्याच्या टोकासारखे असतात. पाचटाखाली काय आहे ते दिसत नाही. रात्रीच्या लाइटीवर पाणी भरताना अनवाणी चिखलात तास न् तास उभे राहावे लागते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि तिथून जंतू शिरतात. अंधारात बांधावरून चालताना तोल जातो तोही याच दुखण्याने. पायाखालच्या जमिनीची खबर नस देईनाशी झाली की माणूस डोळ्यांच्या आधाराने तोल सांभाळतो, आणि अंधारात तो आधारही जातो. तोंड धुताना डोळे मिटले की झोक जात असेल तर तीच खूण समजा. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ब्रेकवर पाय आहे की नाही हे खाली पाहिल्याशिवाय कळत नसेल, तर त्याने ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती द्यावा हे बरे.

थंडीचे वेगळेच. निफाडचा पारा उतरला की गावोगाव शेकोट्या पेटतात. बधिर पाय शेकोटीशी धरला तर कातडी भाजेपर्यंत समजत नाही. सकाळी फोड दिसतो. गरम पाण्याची पिशवी, गरम पाण्याची बादली यांचेही तसेच. पाणी पायाने अजमावू नये, कोपराने अजमावावे किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावे. श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी, वणीच्या गडाची पायी वारी, नवरात्रातले अनवाणी चालणे यांवर श्रद्धा असणाऱ्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे की, बधिर पायाने अनवाणी चालू नका. तापलेल्या डांबराची खबर तुमचा पाय तुम्हाला देणार नाही. वहाण घालून आलेल्या लेकराला देवी परत पाठवत नाही.

काशाच्या वाटीने तळपाय घासण्याबद्दल पुष्कळजण विचारतात. हलक्या हाताने घासले तर बरे वाटते, झोप लागते. कातडी सोलेपर्यंत घासू नये, इतकेच. वाटी काळी होते ती काशातल्या तांब्यामुळे आणि तुपामुळे. अंगातली उष्णता उतरून ती काळी होत नाही, आणि नस त्याने सुधारत नाही.

पायाची संवेदना घरच्या घरी पाहता येते. माणसाला आडवे करून डोळे मिटायला सांगा. तुमच्या तर्जनीचे टोक त्याच्या अंगठ्याला अगदी हलके, फुलाला लावावे तसे, एक-दोन सेकंद लावा. दाबू नका, थोपटू नका. कळले की त्याने डावा की उजवा ते सांगायचे. मग करंगळी, मग मधले बोट. दोन्ही पायांची मिळून सहा बोटे होतात. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर पाय धोक्यात आहे असे समजून दवाखाना गाठावा. इंग्लंडमधील इप्सविच या गावच्या रुग्णालयातून ही पद्धत निघाली, आणि दवाखान्यातल्या नायलॉनच्या धाग्याच्या तपासणीशी ती चांगली जुळते. आज रात्री जेवणानंतर मुलाने बापाची आणि सुनेने सासूची तपासणी केली तर दहा मिनिटे पुरतात.

तिसऱ्या प्रकारच्या नसा बिघडल्या की घाम आटतो. पाऊल कोरडे पडते, टाचेला भेगा जातात. उठून उभे राहिल्यावर चक्कर येते. जेवण पोटात तसेच राहते, लघवी तुंबते, पुरुषाला संसारसुखात अडचण येते. हे शेवटचे कोणी सांगत नाही आणि भलत्या वैद्याकडे पैसे घालवतो. हृदयाचा झटकासुद्धा न दुखता येऊ शकतो. नुसता घाम, दम आणि थकवा एवढ्यावर भागते, आणि घरचे म्हणतात पित्त झाले.

उपचाराबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. पूर्ण मेलेली नस परत आणणारे औषध नाही. आग आणि मुंग्या कमी करणाऱ्या गोळ्या आहेत आणि त्या उपयोगी पडतात, पण त्या नसेला दुरुस्त करीत नाहीत. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्या या आगीवर चालत नाहीत आणि मूत्रपिंड मात्र बिघडवतात. साखर आटोक्यात ठेवणे हा मुख्य उपाय. १९८३ ते १९९३ या काळात अमेरिका आणि कॅनडात १,४४१ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला. ते सारे लहान वयात होणाऱ्या, इन्सुलिनवरच चालणाऱ्या मधुमेहाचे रुग्ण होते. साखर काटेकोर ठेवलेल्या गटात नसांचा आजार शेकडा ६० ने कमी झाला. आपल्याकडच्या उतारवयातल्या मधुमेहात एवढा मोठा फायदा दिसत नाही. तेथे साखरेबरोबर वजन, रक्तदाब आणि तंबाखू यांकडेही पाहावे लागते. पण फायदा आहे, आणि तो जितक्या लवकर सुरुवात तितका जास्त.

नस परत येत नसली तरी पाय वाचवता येतो. मधुमेहात पाय कापण्याची वेळ येते तिथे शंभरापैकी सुमारे पंच्याऐंशी वेळा आधी एक साधी जखम झालेली असते. ती जखम टाळणे किंवा पहिल्या दिवशी पाहणे आपल्या हाती आहे. रोज झोपण्यापूर्वी दोन्ही तळवे पाहावेत. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा, नाहीतर नातवाला सांगावे, लहान मुलांचे डोळे चांगले असतात. बेचके कोरडे पुसावेत. टाचेला खोबरेल लावावे, बेचक्यांत लावू नये. कुरूप ब्लेडने कापू नये, त्यावर औषधी पट्टी चिकटवू नये. बूट-चप्पल घालण्यापूर्वी उलटी करून झटकावी आणि आत हात फिरवावा. खडा, खिळा, विंचू, काहीही असू शकते. नवे पायताण संध्याकाळी घ्यावे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. कुष्ठरोग्यांसाठी वापरात आलेली मऊ रबरी तळाची, एम.सी.आर. म्हणून मिळणारी चप्पल बधिर पायाला फार चांगली. घरातसुद्धा ती काढू नये.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात आहे. तिथे जाल तेव्हा नुसता साखरेचा आकडा घेऊन परतू नका, चप्पल काढून पाय पुढे करा आणि ‘‘पायाची तपासणी करा’’ असे म्हणा. वर्षातून एकदा ती व्हायलाच हवी. पुढच्या उपचाराला नाशिकचे जिल्हा रुग्णालय आहे, आडगावचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

तीन गोष्टींत मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. तळव्याला न दुखणारी जखम किंवा रक्ताळलेले कुरूप दिसले. बोट काळे-निळे पडले. किंवा एकच पाय सुजून लाल, हाताला गरम लागतो आणि तरी फारसा दुखत नाही. हा तिसरा प्रकार मुरगळला म्हणून चोळला जातो, त्यावर लेप बसतात आणि माणूस चालतच राहतो. आत पावलाची हाडे खचत असतात. अशा पायावर एक पाऊलही वजन टाकू नये; गाडीत बसवून त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.